अमायलॉइडभोवतीच्या मायक्रोग्लिया ओळखण्यासाठी मदत हवी आहे

अल्झायमरच्या अभ्यासासाठी जनुकीय बदल केलेल्या ५-एक्स-फॅड उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग) अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांभोवती गोळा होणाऱ्या पेशी मेंदूतल्याच मायक्रोग्लिया (मेंदूच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशी) आहेत की रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज (भक्षक पेशी), हे मला ठरवायचे आहे. आयबीए-१ या प्रथिनाचे रंजन (प्रतिपिंडाने रंगवणे) उत्तम येते, पण ते दोन्ही पेशींना रंगवते. मायक्रोग्लियांची खूण मानले जाणारे पी-टू-आर-वाय-१२ हे प्रथिन रंगवल्यास दूरच्या, बारीक फांद्या पसरलेल्या पेशी छान उजळतात, तर साठ्याला चिकटलेल्या फुगीर, आखूड फांद्यांच्या पेशी जवळजवळ काळ्याच राहतात. मात्र सक्रिय झालेल्या मायक्रोग्लियांमध्ये हे प्रथिन मुळातच घटत असल्याने, ते दिसले नाही म्हणून पेशी बाहेरची, असे म्हणता येत नाही. टीएमईएम-११९ या तशाच दुसऱ्या प्रथिनाची गतही तीच. त्याच छेदातल्या दूरच्या पेशी नीट रंगतात, त्यामुळे दोष प्रतिपिंडाचा नसावा.

ऊतक पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये स्थिर करून गोठवलेले असून छेद ३० मायक्रॉनचे आहेत. त्यामुळे फ्लो सायटोमेट्रीचा (सुट्या केलेल्या पेशी एकेक करून तपासण्याचा) मार्ग बंद आहे, आणि नवी जनुकीय उंदीरजात आणणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. हेक्स-बी या जनुकाची अभिव्यक्ती रोगावस्थेतही मायक्रोग्लियांमध्ये टिकून राहते, म्हणून त्याच्या आरएनएचे इन-सिटू हायब्रिडायझेशन (छेदातच तो आरएनए शोधून दाखवणे) करण्याचा विचार आहे. एवढ्या जाड छेदांवर ते कोणी केले आहे का, आणि त्यातल्या प्रोटिएजच्या (प्रथिने तोडणाऱ्या विकराच्या) टप्प्यानंतर आयबीए-१ चे रंजन शाबूत राहते का?