मदत हवी आहे: टिश्यू कल्चरची कीटकभक्षी रोपे बाहेरच्या हवेला कशी सरावतील?

नमस्कार. कुरिअरने मागवलेली व्हीनस फ्लायट्रॅप आणि ड्रोसेरा केपेन्सिस (पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडणारी वनस्पती) यांची टिश्यू कल्चर रोपे, म्हणजे प्रयोगशाळेत बंद बाटलीत वाढवलेली रोपे, नुकतीच पुण्यात पोहोचली असून, प्रवासातल्या धक्क्यांनी बाटलीतील अगारची जेली (रोपे जिच्यात वाढवतात ती) फुटून पानांना चिकटली होती. त्या जेलीतील साखरेवर बुरशी लवकर धरते, म्हणून रोपे आरओच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ) व परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांच्या मिश्रणात लावली आहेत आणि पारदर्शक डब्यात झाकून, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी ठेवली आहेत.

खरा प्रश्न पुढचा आहे. बाटलीतील अतिदमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व त्यांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, त्यामुळे झाकण घाईने काढले तर रोपे माना टाकतात, आणि न काढावे तर कोंदट हवेत बुरशीची भीती. अशा वेळी झाकण आतापासूनच रोज थोडे थोडे उघडावे, की नवी पाने फुटेपर्यंत थांबावे? बुरशीनाशकाची सौम्य फवारणी इतक्या कोवळ्या रोपांना सोसते का? ड्रोसेराच्या नव्या पानांवर चिकट थेंब दिसू लागणे ही रोप सरावल्याची खूण मानावी का? (कासच्या पठारावरचे ड्रोसेरा पावसाळी वाऱ्यात उघड्यावर वाढतात, पण ते तिथेच रुजलेले असतात.)

शिवाय मूळच्या अमेरिकेतील कॅरोलायना भागातल्या फ्लायट्रॅपला हिवाळी विश्रांती लागते. ती इतक्या लहान रोपांना पहिल्याच वर्षी द्यावी का, हेही पुण्याच्या हवेचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.