प्रतिसाद: लांब बसूनही मदत होते, पण...

'लांब बसून नुसती बोटं चालवून संकटातल्या माणसाला काय मदत होणार?' असं वर कुणीतरी विचारलंय. हैतीचं उदाहरण बघा. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथे ४६३६ या क्रमांकावर एसएमएस पाठवायची सोय झाली. मेसेज यायचे क्रेओलमध्ये, आणि बाहेरून आलेल्या पथकांना ती भाषा कुठली यायला! मग परदेशी राहणाऱ्या हैतीयन मंडळींनी इंटरनेटवरून भाषांतरं करून दिली. शिवाय अमक्या चर्चच्या मागची गल्ली नेमकी कुठली, हेही त्यांनाच ठाऊक. ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला इंटरनेटवरचा खुला नकाशा) वाल्यांनी उपग्रहचित्रांवरून राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते नकाशावर काढून दिले, ते वेगळंच.

पण गोंधळही होतो. २०१९ च्या पुरात सांगलीसाठी मी पुण्यातून मेसेज गोळा करत होतो. 'गच्चीवर सात जण, आजीच्या गोळ्या संपल्यात.' फोन लावला तर ती माणसं दोन दिवसांपूर्वीच सुखरूप बाहेर पडलेली! मेसेजवर ना तारीख, ना वेळ. तेव्हापासून फॉरवर्ड करण्याआधी मी एक फोन करतोच. नाही उचलला, तर तसं वेळेसकट खाली लिहितो.