चीनमधल्या गिऱ्हाइकांना आमची साइट उघडत नाही, काय करावं? (बजेट वर्षाला ६०० डॉलर, वर एक डॉलरही नाही)

खटपट्या
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून एक छोटं सॉफ्टवेअर विकतो, लेझरवर पत्रा कापताना एका शीटमधून जास्तीत जास्त पार्ट कसे निघतील ते काढून देणारं. सुझोऊ आणि डोंगग्वान भागातले ११ कारखाने गिऱ्हाईक आहेत. सहा महिने झाले तिकडून एक नवीन चौकशी नाही, आम्ही समजत होतो मंदी आहे. मग एका जुन्या गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला, त्यात अर्धा मिनिट पांढरं पान, डेमो व्हिडिओच्या जागी काळा चौकोन, आणि चौकशीच्या फॉर्मवर 'पाठवा' दाबलं की ढिम्म. आता हे ब्लॉक आहे का नुसतं स्लो आहे हे सांगणार कोण? ना नोटीस ना पत्र. तिकडे कंपनी काढणं जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी यातून गेलंय का?

जग_फिरलेला
अहो काही ब्लॉक बिक नसतं, उगाच बाऊ करतात लोक. मी गेल्या वर्षी शांघायला आठ दिवस होतो, जीमेल, यूट्यूब, फेसबुक सगळं धाडधाड चालू होतं. तुमचं होस्टिंगच भिकार असणार.

निमाताई
@जग_फिरलेला, तुम्ही तुमचं रोमिंगचं सिम वापरत होतात ना? रोमिंगवर डेटा आपल्याच कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो, त्यामुळे परदेशी साइट अडवणारी त्यांची भिंत लागतच नाही. कारखान्यातल्या माणसाकडे तिकडचं ब्रॉडबँड आहे. आमच्या साहेबांनीही अगदी हेच केलं होतं, हॉटेलात बसून साइट मोबाइलवर बघितली, "ऑल ओके" असा मेल टाकला आणि आम्ही दीड वर्ष गाफील राहिलो.

जग_फिरलेला
असेलही. पण मला तरी काही त्रास झाला नाही.

डॉलरकाका
सरळ शेनझेनला कंपनी काढा, तिच्या नावावर आयसीपी फायलिंग (साइट चालवायची तिकडची सरकारी नोंदणी) करा आणि सर्व्हर चीनमध्येच घ्या. आम्ही तेच केलं, साइट आता दीड सेकंदात उघडते. तळाशी फायलिंगचा नंबर लावावा लागतो, पोलिस खात्याची वेगळी नोंदणी साइट सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. कागद नीट असले तर काम होतं. खर्च वर्षाला साधारण १८ हजार डॉलर धरा, त्यात अकाउंटंट आला.

खटपट्या
काका, ६०० लिहिलंय हो. शीर्षकातच.

डॉलरकाका
धंदा करायचा तर खिशात हात घालावा लागतो. आमचा तिथला माणूस हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

खुट्टा
एवढं कशाला, गिऱ्हाइकांना सांगा व्हीपीएन (भिंतीला वळसा घालून साइट उघडणारं ॲप) टाका. सगळे चिनी वापरतात. विषय संपला.

सर्व्हरवाला
@खुट्टा, विषय संपला नाही, तिथून सुरू होतो. जानेवारी २०१७ मध्ये त्यांच्या उद्योग मंत्रालयाने परवानगीशिवायच्या व्हीपीएनविरुद्ध मोहीम काढली, त्याच वर्षी ॲपलने तिथल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएनची ॲप काढली, आणि ग्वांग्शीमधल्या एका माणसाला व्हीपीएन विकल्याबद्दल साडेपाच वर्षं आणि ५ लाख युआन दंड झाला. आता पत्रा कापणाऱ्या कारखान्यातला खरेदीचा क्लार्क तुमच्या सॉफ्टवेअरची किंमत बघायला एवढी उठाठेव करेल? तो दुसऱ्या टॅबमधल्या तिकडच्या कंपनीला फोन लावेल.

बाकी ब्लॉक का स्लो हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. तिकडच्या शहरांमधून पिंग मारून दाखवणाऱ्या साइट असतात, त्यांवर आठवडाभर रोज बघा. सगळ्याच शहरांत आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) चुकीचा येत असेल तर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून तो पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, गडबड केलीय. आयपी बरोबर येऊन कनेक्शन तुटत असेल तर डोमेनचं नाव किंवा आयपी यादीत आहे. स्वस्त होस्टिंगवर एका आयपीवर शेकडो साइट असतात, शेजाऱ्याने काही लिहिलं की तुम्हीही आत. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम बंद करायला ॲमेझॉन आणि गुगलचे लाखो आयपी बंद केले होते, त्यात टेलिग्रामशी काडीचा संबंध नसलेली दुकानं बसली आणि टेलिग्राम मात्र चालूच राहिलं.

पण तुमची लक्षणं बघता मला वाटतं तुम्ही ब्लॉक नाही आहात. तुमच्या पानात गुगलचं सामान आहे.

तिरकी_रेघ
+१ सर्व्हरवाला. काळा चौकोन म्हणजे यूट्यूब (२००९ पासून बंद), आणि फॉर्म ढिम्म म्हणजे शंभर टक्के रीकॅप्चा ('मी रोबोट नाही'वाली तपासणी). तो गुगल डॉट कॉमवरून लोड होतो, तिकडे होतच नाही. रीकॅप्चा डॉट नेटवरून लोड करायची सोय खुद्द गुगलनेच दिलीय, एक ओळ बदलायची, खर्च शून्य. व्हिडिओ स्वतःच्या सर्व्हरवर टाका. नकाशा, फेसबुकचं बटण, फॉन्ट, सगळं काढा नाहीतर स्वतःकडे ठेवा. सर्व्हर हाँगकाँगला हलवा, तिथे आयसीपी लागत नाही. ६०० मध्ये बसून वर उरतील.

खुट्टा
फॉन्ट कशाला काढायचे? फॉन्ट तिकडे चालतात, मी स्वतः बघितलंय.

तिरकी_रेघ
आज चालतात हो. उद्याची खात्री तुम्ही देताय का?

खुट्टा
मग उद्या हाँगकाँगची तरी कोण देतंय?

मौनीबाबा
वाचतोय. (पॉपकॉर्न)

डॉलरकाका
म्हणूनच म्हणतो, आयसीपी.

निमाताई
तिरकी_रेघ यांनी सांगितलेलं सगळं कराच, आमचं पण रीकॅप्चावरच अडकलं होतं. लायसन्सची की जीमेलवरून पाठवत असाल तर तेही बघा. जीमेल तिकडे २०१४ पासून बंद आहे. तुम्ही पाठवलेला मेल त्यांच्या चिनी पत्त्यावर बहुतेक पोचतो, पण ज्याने स्वतःचा जीमेल दिलाय तो बसतो वाट बघत.

आता दुसरी गोष्ट, ही कुणी सांगत नाही. तुमच्या फॉर्ममध्ये 'देश' असा ड्रॉपडाउन आहे का आणि त्यात तैवान, हाँगकाँग आहे का? चीन त्यांना स्वतःचाच भाग मानतो. जानेवारी २०१८ मध्ये मॅरियट हॉटेलवाल्यांच्या एका सर्व्हेत तिबेट, हाँगकाँग, मकाव, तैवान वेगळे देश म्हणून आले, त्यांची चिनी साइट आणि ॲप आठवडाभर बंद ठेवायला लावलं. त्यानंतर याच कारणावरून ३६ विमान कंपन्यांना पत्रं गेली. डीलर दाखवणारा जगाचा नकाशा असेल तर तोही बघा. गॅप या कपड्यांच्या कंपनीने त्याच वर्षी एका टीशर्टवरच्या चीनच्या नकाशात तैवान नव्हतं म्हणून माफी मागितली. छापील ब्रोशर पाठवत असाल तर आणखी जपा, २०१९ मध्ये चिंगदाओच्या कस्टम्सवाल्यांनी जवळजवळ ३० हजार नकाशे नष्ट केले होते, आणि ते परदेशी पाठवायचे होते. आम्ही 'देश' काढून 'देश / प्रदेश' केलं. पाच मिनिटांचं काम.

जुना_खेळाडू
म्हणजे आपल्या साइटवर आपण काय लिहायचं हे ते ठरवणार? आज ड्रॉपडाउन, उद्या 'आमच्याविषयी'चं पान, परवा कर्मचाऱ्याने घरी बसून काय लाइक केलं ते. मर्सिडीजने २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर दलाई लामांचं वाक्य टाकलं म्हणून माफी मागितली, आणि इन्स्टाग्राम चीनमध्ये उघडतच नाही! दुसऱ्याच्या अंगणात काय बोलायचं तेही तेच सांगणार.

डॉलरकाका
११ गिऱ्हाइकं असलेल्या माणसाने तत्त्वं नाही, हप्ते बघायचे असतात. एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीला विचारा. चीनच्या शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीमुळे तिथला कापूस घेणार नाही हे त्यांचं निवेदन जुनं होतं, मार्च २०२१ मध्ये कुणीतरी उकरून काढलं आणि एका दिवसात ऑनलाइन दुकानांतून नाव गायब, मॅपवर दुकानं दिसेनात.

जुना_खेळाडू
तेच तर म्हणतोय, माफीने तरी कुणाचं भागलं? आणि चिनी कंपन्या मात्र फेसबुकवर मजेत जाहिराती करतात. २०२३ मध्ये मेटाचा साधारण दहा टक्के महसूल चिनी जाहिरातदारांचा होता. आपल्याला दार बंद, त्यांना आपलं दार उघडं.

खुट्टा
आपणही २९ जून २०२० ला ५९ ॲप बंद केलीच की, त्यात वीचॅट हे चिनी मेसेजिंग ॲपपण होतं. अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये परदेशी सेन्सॉरशिपमुळे त्यांच्या कंपन्यांचं काय होतं यावर दोन भागांत अहवाल काढला, त्यातल्या सहा देशांत चीन, रशिया, तुर्की, व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि आपणही आहोत.

जुना_खेळाडू
दोन्ही एका मापात मोजताय? कमाल आहे.

(पुढचे २३ प्रतिसाद याच विषयावर असल्याने वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

जग_फिरलेला
तुम्ही एखादा तिकडचा वितरक का नाही बघत? म्हणजे साइटची भानगडच नको.

सर्व्हरवाला
वितरक अजिबात नको. तो तुमच्या सॉफ्टवेअरची कॉपी काढून स्वतःच्या नावाने विकेल.

तिरकी_रेघ
+१, वितरक नको.

निमाताई
+१. आमचा डोळ्यांदेखत ४० टक्के घेत होता आणि गिऱ्हाइकांची नावंसुद्धा सांगत नव्हता.

डॉलरकाका
वितरक नको. कंपनी काढा.

खटपट्या
सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहितो, शिव्या घालू नका.

रीकॅप्चा बदलला, व्हिडिओ स्वतःकडे घेतला. त्याच रात्री डोंगग्वानहून दोन चौकशा आल्या, म्हणजे सहा महिने मंदी नव्हती, आमचा फॉर्मच मेला होता. एकाने लिहिलंय की एप्रिलपासून चार वेळा फॉर्म भरला, शेवटी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं, आता फक्त तुम्ही जिवंत आहात का ते विचारतोय. ते वाचून जेवण गेलं नाही.

हाँगकाँगला हललो नाही. सुझोऊच्या एका जुन्या गिऱ्हाइकालाच वितरक केलं, २५ टक्क्यांवर. तो म्हणाला तुमची साइट उघडली काय नि नाही काय, इथे लोक माझ्या वीचॅटवर विचारतात. सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर (कॉम्प्युटरला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली) देतोय, डोंगल आमच्याकडून मोजून जातील. हो, कॉपी होईल कदाचित. पण फॉर्म सहा महिने मेलेला असताना मला कुणी सांगितलं नाही, हा माणूस निदान फोन तरी करेल.

आणि ड्रॉपडाउनचं, निमाताई, 'देश / प्रदेश' लिहायला हात गेला नाही, आणि जुना_खेळाडू म्हणतात तसं बाणेदारपणे ठेवायची हिंमतही नाही. तो कॉलमच काढून टाकला. आता एकच मोकळी चौकट आहे, 'पत्ता'. ज्याला जे लिहायचं ते लिहा.

डॉलरकाका
वर्षभराने परत याल. नंबर तोच आहे.

मौनीबाबा
डोंगल कुठलं घेतलंत? आम्हाला पण हवंय, बजेट कमी आहे.