मदत हवी आहे: जुन्या धाटणीच्या व्हॅलेंटाइन चित्रांची शाई पसरू नये म्हणून काय करावे?

सप्रेम नमस्कार. एकोणिसाव्या शतकातील व्हॅलेंटाइन शुभेच्छापत्रांची स्वामित्वहक्कमुक्त चित्रे घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापून त्यांपासून थरांची शुभेच्छापत्रे करण्याचे आणि एक लाकडी पेटी सजवण्याचे काम मी हाती घेतले आहे. अमेरिकेतील वूस्टर येथे एस्थर हाउलँड यांनी 1840 च्या दशकाच्या अखेरीपासून कागदी लेसखाली रंगीत कागद ठेवून जी पत्रे घडवली, त्यांतील खोली मला फार मोहवते. सपाट छापील चित्रात ती उतरत नाही, म्हणूनच हा खटाटोप.

अडचण अशी की, पेटीवर चित्र चिकटवून वरून पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या गोंदाचा हात दिला की गुलाबांचा लाल रंग ओघळतो. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळणारी असल्याने हे होणारच, परंतु लेझर प्रतींवर येणाऱ्या तकाकीमुळे जुन्या रंगीत शिळाछापाचा (दगडावरून केलेल्या छपाईचा) मऊपणा हरवतो, आणि तो गमावण्याची माझी तयारी नाही. तेव्हा गोंद लावण्यापूर्वी छापील कागदावर अ‍ॅक्रिलिक स्प्रे वार्निशचे पातळ थर दिल्यास पुरेसे संरक्षण मिळते का, की पिगमेंट शाईच (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई) वापरावी? तसेच पत्रांतील थर उचलून धरण्यासाठी कागदी घड्यांच्या स्प्रिंगा कराव्यात की फोमच्या चिकटपट्ट्या लावाव्यात, हेही अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.