जुन्या दुनळी बंदुकीचं ब्लूइंग (नळ्यांवरचा निळा-काळा थर): कारखान्यातलं की नंतरचं?

बारा_बोअर: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "आमच्या ग्रीनरच्या (इंग्लिश बनावटीची दुनळी) नळ्या चकचकीत काळ्या आहेत, म्हणजे फिनिश मूळचंच." अहो, चकाकीवरून मूळ कसं ठरतं? इंग्लिश दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी सोल्डरने जोडलेल्या असतात. नंतर ब्लूइंग करताना कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या क्षारांत बुडवलं की ते सोल्डर खाल्लं जातं, क्षार पट्टीखाली अडकतात आणि आतून गंज धरतो. म्हणून बर्मिंगहॅमचे कारागीर रस्ट ब्लूइंग करायचे: मुद्दाम गंज चढवायचे, उकळायचे, घासायचे, पुन्हा चढवायचे. फोरएंड (नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग) काढून नळ्या उतरवा, त्यांच्याखालचे प्रूफचे (नळीच्या चाचणीचे) शिक्के भिंगातून बघा. कडा गोल आणि अक्षरं पुसट असतील तर पॉलिशचा बफ फिरलाय, म्हणजे फिनिश नंतरचं.

कोकणची_नळी: चांगल्या पॉलिशवर केलेलं रस्ट ब्लूइंगही तकाकतं. आजोबांची वेब्ली अँड स्कॉट दुनळी आयुष्यभर पेटीत होती, नळ्या अजून काळ्याभोर. ती काय रंगवलेली?

बारा_बोअर: शिक्के बघितलेत का?

कोकणची_नळी: घरची वस्तू आहे, मला भिंग कशाला हवं!

परवानाधारक: मूळ-मूळ करणाऱ्यांनी आमचं दुखणं ऐका. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. माझी परत आली ती नळीभर गंज घेऊन. मी ब्लूइंग करून घेतलं. चुकलं काय?

बारा_बोअर: गंज काढायला बारीक स्टील वूल आणि तेल पुरलं असतं. जमा करताना तेल लावायचं, पावतीवर स्थिती लिहून घ्यायची.

परवानाधारक: पावतीवर "एक बंदूक" एवढंच लिहितात! काउंटरवर उभं राहून वाद घालून दाखवा, मग शिकवा. भर पावसाळ्यात दमट खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेली होती, कव्हरसुद्धा काढून घेतलेलं.

कोकणची_नळी: हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडेही हीच रड.

बारा_बोअर: धागा फिनिशचा आहे, ठाण्याचा नाही!

परवानाधारक: फिनिश जातं कुठे, तेच सांगतोय. तुमची बंदूक कधी जमा झाली नसेल, म्हणून एवढा जोर.

बारा_बोअर: झाली आहे, दर निवडणुकीला. असो. नुसता तकाक हा नंतरच्या ब्लूइंगचाही पुरावा नाही, एवढं कोकणवाल्यांचं मान्य. पण ॲक्शन (नळ्यांमागचा यंत्रणेचा धातूचा भाग) बघा. केस हार्डनिंगचे (पोलादाचा पृष्ठभाग कठीण करताना उमटलेले) रंग हाताळून आणि उन्हाने उडतात. कुंद्यावरची (लाकडी दस्त्यावरची) कोरीव जाळी झिजून गुळगुळीत आणि ॲक्शनवर निळे-तपकिरी रंग टवटवीत, हे एकत्र नांदत नाही. स्क्रूच्या भोकांभोवती बफने पडलेला खळगा दिसला तर बोलायलाच नको.

कोकणची_नळी: रविवारी फोरएंड काढून फोटो टाकतो. शिक्के धारदार निघाले तर शब्द मागे घ्यायचे.

बारा_बोअर: घेईन. फोटो तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको.