मुलाला ख्रिस्ती समर कॅम्पला पाठवायचं का? नुसती गाणी-टाळ्या की खरंच काही टिकतं?

नाशिकची_आई:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, मुलगा आता सातवीत जाईल. मे महिन्यात आमच्या मंडळीकडून (म्हणजे चर्चकडून) इगतपुरीला पाच दिवसांचा निवासी कॅम्प आहे. आत्तापर्यंत तो फक्त चर्चमधल्या व्हीबीएसला (व्हेकेशन बायबल स्कूल, सुट्टीतली बायबल शाळा) गेलाय, म्हणजे सकाळी जायचं, ॲक्शन साँग, गोष्ट, क्राफ्ट, सरबत-बिस्कीट आणि दुपारी जेवायला घरी. राहायला कधीच नाही. सासूबाई म्हणतात पाठव, आम्ही अशाच शिबिरांत घडलो. मिस्टरांचं म्हणणं तेवढ्या पैशात क्रिकेटचं कोचिंग होईल. आणि चिरंजीव म्हणतात मोबाइल काढून घेत असतील तर मला यायचंच नाही, विषय संपला.

मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. मागच्या वर्षी मंडळीतली जी मुलं जाऊन आली ती मी बघितलीत ना, आल्या आल्या जेवणाआधी प्रार्थना काय, आईला भांडी लावायला मदत काय, धाकट्या बहिणीशी गोड बोलणं काय, आणि जूनमधे शाळा सुरू झाली की परत जैसे थे. मग श्रद्धा म्हणा, स्वभाव म्हणा, ह्यातलं नेमकं उरतं काय? ज्यांनी लहानपणी केलेत किंवा मुलांना पाठवलंय त्यांनी प्लीज खरं खरं सांगा, "फार छान असतं" एवढंच नको.

अजून एक. त्याचा जिगरी मित्र हिंदू आहे, त्यालाही यायचंय, त्याच्या आईने मला विचारलंय की पाठवू का. तिला काय सांगू?

कॅम्पदीदी:
मी बरीच वर्षं कॅम्पला ग्रुप लीडर म्हणून जाते त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी धरा. पण आतलं सांगते.

दिवस पहाटे घंटेने सुरू होतो. तोंड धुऊन वही आणि बायबल घेऊन प्रत्येकाने वेगवेगळ्या झाडाखाली बसायचं, त्याला शांत समय म्हणतात. छोटा उतारा वाचायचा आणि दोन-तीन ओळी लिहायच्या. पहिल्या दिवशी निम्मी पोरं मुंग्या बघत बसतात, काही तर बसल्या बसल्या झोपतात, चालतं. मग नाश्ता, गाणी, बायबल स्टडी, दुपारी क्राफ्ट, संध्याकाळी खेळ, रात्री नाटुकली आणि कॅम्पफायर. बायबल ड्रिल अजूनही सगळ्यात हिट आहे, बायबल डोक्यावर धरायचं, "मीखा सहा, आठ" म्हटलं की आधी संदर्भ कोण काढतो. मोबाइलवरच बायबल बघणाऱ्या पोरांची इथे फजिती होते, मीखा जुन्या करारात आहे की नव्या हेच माहीत नसतं.

क्राफ्टमधे पाच रंगांच्या मण्यांचं ब्रेसलेट असतंच. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरा शुद्ध झालेलं मन, सोनेरी स्वर्ग, हिरवा वाढ. ही कल्पना जुनी आहे, लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन ह्यांनी १८६६ मधे एका उपदेशात काळं, लाल, पांढरं अशा तीन पानांच्या बिनशब्दांच्या पुस्तकाचं वर्णन केलं, सोनेरी आणि हिरवा नंतर आले.

आता टिकतं काय. माझ्या मते उपदेशापेक्षा ड्युटी टिकते. प्रत्येक ग्रुपला पाळीपाळीने पाणी भरणं, झाडू, वाढणं, पातेली घासणं. तळाला खिचडी लागलेलं मोठं पातेलं आडवं करून, अर्धा हात आत घालून तारेच्या घासणीने खरवडणारा सातवीतला मुलगा बघितलाय का कधी? घरी ताटसुद्धा न उचलणारा असतो तो. पहिल्या दिवशी रडतो, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला शिकवतो की आधी पाणी घालून ठेव मग घास.

एक प्रसंग सांगते. रोज खोली तपासणी होते, त्याचे मार्क असतात, शेवटी ट्रॉफी. एका ग्रुपने सगळा कचरा, चिवड्याची पाकिटं, ओले टॉवेल, सगळं एकाच्या वळकटीत गुंडाळून टाकलं. तपासणीला दहापैकी दहा. दुपारी त्यातलाच एक बारकेला पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला दीदी ते दहा खोटेत. मार्क गेले, ट्रॉफी गेली. बाकीचे सहा जण त्याच्याशी बोलेनात, रात्री जेवायला त्याच्या शेजारी कोणी बसेना. मी काही भाषण दिलं नाही, फक्त ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी बायबल स्टडीला गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय होता, आत्म्याचं फळ, प्रीती, आनंद, शांती वगैरे नऊ गुण. "विश्वासूपणा" आला तेव्हा सगळा ग्रुप खाली मान घालून बसलेला. खरं बोलल्यावर कौतुकच होतं असं आपण पोरांना सांगतो, तिथे त्याला कळलं की आधी एकटं बसावं लागतं. हे घरी कसं शिकवणार?

दुसरी_बाजू:
दीदी छान लिहिलंय पण सगळे कॅम्प असे नसतात, म्हणून हे लिहितोय. कुठला कॅम्प ते सांगत नाही, नाशिकमधला नव्हता.

आमच्या वेळी शेवटच्या रात्रीची मला धास्ती असायची. कॅम्पफायर, लाइट बंद, हळू आवाजात कीबोर्ड, आणि वक्ता सांगणार की आज रात्री झोपेत मेलास तर कुठे जाशील. नववी-दहावीतली पोरं हमसून हमसून रडायची. मग ज्यांना येशूला स्वीकारायचंय त्यांनी हात वर करा. मी दरवर्षी हात वर करायचो, कारण शेजारचा करायचा आणि मागच्या वर्षीचा लागू झाला की नाही ह्याची खात्री नसायची. घरी आलो की आठवडाभर झोप नाही. आज मी चर्चला जातो, विश्वास आहे, पण तो त्या रात्रींमुळे नाही, आजोबा रोज पहाटे कंदिलाशेजारी बसून स्तोत्र वाचायचे त्यामुळे आहे.

ताई, तुम्ही म्हणताय ना जूनमधे जैसे थे, त्याचं मला काही नवल वाटत नाही. पाच दिवस गाणी, मित्र, अपुरी झोप आणि शेवटी रडारड, एवढं सगळं ज्या जोशात चढतं त्याच जोशात उतरतं. म्हणून पाठवायच्या आधी एकच प्रश्न विचारा, शेवटच्या रात्री काय करता? उत्तर देताना समोरचा गुळमुळीत बोलायला लागला तर क्रिकेटचं कोचिंग लावा.

कॅम्पदीदी:
@दुसरी_बाजू हे खरं आहे आणि अजूनही काही ठिकाणी चालतं. आम्ही शेवटच्या रात्री योहान १३ वाचतो, त्यात येशू शिष्यांचे पाय धुतो, आणि लीडर लोक पोरांचे पाय धुतात. दिवसभर मातीत खेळलेले पाय, घमेल्यातलं पाणी दोन मिनिटांत चहासारखं. पोरं आधी खिदळतात, गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेतात. हात वर करायला सांगत नाही. कोणाला बोलायचं असेल तर सकाळी उजेडात येऊन बोलावं.

जुना_शरणपूरकर:
सर्वांना सलाम. विषय निघालाच आहे तर म्हाताऱ्याचं थोडं विषयांतर सहन करा.

पोरांना एकत्र ठेवून वचनही शिकवायचं आणि हाताला कामही लावायचं, हे नाशिकला नवीन नाही. आमचं शरणपूर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं, रेव्हरंड प्राइस ह्यांचं नाव त्यात मुख्य. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, त्यावरची आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे, आणि त्यातली बरीच इथे शरणपूरला आली. इथे त्यांना बायबल, लिहिणं-वाचणं आणि जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जायचे. इतिहासात त्यांना नाशिक बॉइज म्हणतात. त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मधे प्रसिद्ध मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आत वारले तेव्हा हा तिथे होता, दफनविधीचं वाचन त्याने केलं, झाडावर नाव-तारीख त्याने कोरली. मग ते शव शेकडो मैल चालत किनाऱ्याला आणलं आणि १८७४ मधे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जे शवपेटीबरोबर चालले त्यात आपल्या नाशिकला शिकलेला हा मुलगा होता. शरणपूर रोडवर कॉफी प्यायला येणाऱ्या आजच्या पोरांना ह्यातलं काही माहीत नसतं, आमच्या मंडळीतल्या पोरांनाही नसतं. मी म्हणतो कॅम्पमधे एक तास हे सांगा की!

ती मुलं स्वखुशीने आली नव्हती, आईबाप तुटलेली होती, त्यामुळे तुलना ताणू नये. पण दीदी म्हणतात ते ड्युटीचं मला पटतं, वचन एकटं राहिलं की ते तोंडपाठ होतं आणि तिथेच थांबतं.

दुसरी तक्रार. आता कॅम्पला गाणी कोणती असतात? अर्धी इंग्रजी, उरलेली हिंदी. अहो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर इथलंच, जलालपूरचं, त्यांचे शेवटचे दिवसही नाशिकलाच गेले, आणि आमच्या नातवाला टिळकांचं एक पद येत नाही. टाळ-पेटी घ्या, एक संध्याकाळ भजनाची ठेवा. पोरांना कंटाळा येतो हे मोठ्यांनीच ठरवून टाकलेलं आहे.

गंगापूररोडवाला:
मी हिंदू, लहानपणी ख्रिस्ती कॉलनीला लागून राहायचो, शेजारच्या मित्राबरोबर व्हीबीएसला आणि एकदा राहायच्या कॅम्पलापण गेलोय, त्यामुळे मित्राच्या आईच्या प्रश्नाबद्दल बोलतो.

माझी आई अगदी देवभोळी, सोमवार-चतुर्थी सगळं. तिने एवढंच विचारलं की मांसाहारी देतील का आणि अंघोळीला गरम पाणी आहे का. शेंगदाण्याचे लाडू दिले बांधून आणि सांगितलं ते लोक प्रार्थना करतील तेव्हा हात जोडून गप्प बसायचं. बसलो. बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवरच्या नाटकात मी दरोडेखोर होतो, अर्धमेल्या माणसाला इतका मनापासून बदडला की तो खराच रडला. ती गोष्ट मात्र कायमची लक्षात राहिली, म्हणजे देवळातला माणूस बाजूने निघून जातो आणि ज्याला सगळे हलका समजतात तो थांबतो. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय, तो प्रीतीवरचा, मी पाठ करून बक्षीस मिळवलेलं. आजही रामनवमीला काळारामाला जातो आणि तो अध्याय अजून बऱ्यापैकी येतो, दोन्हीत भांडण झालं नाही.

पण तेव्हाचा काळ वेगळा होता, आता वातावरण असं आहे की उद्या कोणी काही बोललं तर त्रास दोन्ही घरांना होईल. म्हणून ताई, तुम्ही मधे निरोप्या होऊ नका. त्या आईला थेट पास्टरांशी भेटवून द्या. कार्यक्रम काय काय आहे ते त्यांनी सरळ सांगावं, बायबल शिकवणार, प्रार्थना होणार, हे लपवण्यासारखं नाहीये, आणि मग आईबाप दोघांनी सही करून ठरवावं. मुलगा हट्ट करतोय म्हणून नाही.

विनय_सातपूर:
व्हीबीएसची गंमत माहितीये का, १८९८ साली न्यूयॉर्कमधे एका बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर उंडारणारी पोरं गोळा करायला जागा भाड्याने घेतली ती चक्क बिअर विकायची जागा होती. चर्चमधे पोरं येत नव्हती म्हणून. आपल्याकडे एसी हॉल असून पोरं येत नाहीत, कारण कोचिंग. बाकी मिस्टरांना सांगा, क्रिकेट वर्षभर शिकता येतं.

नाशिकची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. मी काल पास्टरांना फोन केला आणि सरळ विचारलं शेवटच्या रात्री काय असतं. ते आधी हसले, मग म्हणाले भजन आणि साक्ष, लाइट चालू ठेवून. साक्ष म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगणं, तेही ज्याला बोलायचंय त्यानेच. बरं वाटलं. त्या मित्राच्या आईशी त्यांचं बोलणं करून दिलं, तिने ठरवलंय ह्या वर्षी फक्त व्हीबीएस, राहायचं पुढच्या वर्षी बघू, मलाही ते ठीक वाटलं. आमचं मात्र अडलंय, मित्र नाही तर हा अजूनच नाही म्हणतोय. जबरदस्ती करावी का? आणि पाठवलंच तर सुरक्षिततेचं काय विचारू?

कॅम्पदीदी:
जबरदस्तीने आलेलं मूल पहिले दोन दिवस सगळ्या ग्रुपचा जीव खातं, तरी मी म्हणेन आधी त्याच्या वयाच्या एखाद्या जाऊन आलेल्या मुलाशी त्याला बोलू द्या, आपण नको बोलायला. तरीही नाही म्हणाला तर राहू द्या, अजून वय आहे.

सुरक्षिततेचं सांगते. प्रत्येक खोलीसाठी किमान दोन मोठी माणसं आहेत का, मुलींच्या बाजूला बायकाच आहेत ना, एकटा लीडर एकट्या मुलाला बंद खोलीत समुपदेशन वगैरे करत नाही ना, आणि लीडर लोकांना पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा, २०१२ चा) समजावून सांगितलाय का, हे सगळं बिनधास्त विचारा, चांगल्या आयोजकाला राग येत नाही. रात्री आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात नेणार आणि गाडी जागेवर असते का तेही. मोबाइल जमा करतात तिथे रोज ठराविक वेळी लीडरच्या फोनवरून घरी बोलू देतात का विचारा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की तू कधीही "मला घ्यायला या" म्हणालास तर आम्ही प्रश्न न विचारता येऊ, इगतपुरी काही लांब नाही. बहुतेक पोरं हे ऐकल्यावरच यायला तयार होतात.

सामानात टॉर्च, टोपी, पाण्याची बाटली, पातळ चादर, ताट-वाटी नाव घातलेली. फॉर्मवर ॲलर्जीचा आणि चालू औषधांचा रकाना रिकामा सोडू नका, काही नसेल तर "नाही" असं लिहा.