मदत हवी आहे: द्राक्षबाग मागितली की एआय इटली दाखवतोय

मांडवाखाली
मंडळी, तातडीने मदत हवी. पावणेदोन मिनिटांचा व्हिडिओ पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय आणि आठ दिवस एकाच जागी अडकलोय. तीन एआय असिस्टंट तयार केलेत: एक पटकथा लिहितो, दुसरा तिचे शॉट पाडतो, तिसरा प्रत्येक शॉटचा प्रॉम्प्ट, म्हणजे व्हिडिओ बनवणाऱ्या टूलला द्यायची सूचना, लिहून देतो. पटकथा झकास झालीय, घरी वाचून दाखवली तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पण व्हिडिओ बघवत नाही. डोंगरउतारावर कमरेएवढ्या वेलींच्या रांगा, वेताच्या टोपल्या, मागे लाकडी पिंपं. तोडणी करणारी बाई पहिल्या शॉटात हिरव्या साडीत, दुसऱ्यात घागऱ्यात, तिसऱ्यात चेहराच दुसरा. पाटीवर 'द्राक्षे' लिही म्हटलं तर देवनागरीसारखं काहीतरी येतं, वाचता येत नाही. प्रॉम्प्ट चाळीस वेळा बदलला. क्रेडिट संपत आलेत. काय चुकतंय?

रीळवाला
कोणतं टूल? आडवा व्हिडिओ की उभा? प्रॉम्प्ट मराठीत देतोस की इंग्रजीत? एक तरी प्रॉम्प्ट इथे चिकटव. व्हिडिओ नेमका कशासाठी आहे तेही सांग.

सिडकोकर
नाशिकमध्ये राहून द्राक्षबाग एआयकडून कशाला बनवून घ्यायची? दिंडोरी रोडला गाडी काढ, मोबाइलवर शूट कर, दोन तासांत काम. मेहुण्याचं अख्खं लग्न आम्ही फोनवर काढलंय, कुणाला फरक कळला नाही.

मांडवाखाली
सिडकोकर दादा, आषाढ चालू आहे. आत्ता घड कुठून आणू? तोडणी जानेवारी ते एप्रिल. बाग आमचीच आहे, पिंपळगावजवळ. व्हिडिओ आमच्या शेतकरी गटाच्या स्टॉलवर लावायचाय, आडवा. खरेदीदार येणार आहेत. टूल गूगलचं व्हिओ ३. प्रॉम्प्ट असिस्टंटच इंग्रजीत करून देतो, मी फक्त 'द्राक्षबागेत तोडणी करणारी महिला' एवढं सांगतो.

कादवाकाठ
इथेच घोळ आहे. द्राक्षबागेचं इंग्रजीत 'विनयार्ड' होतं आणि त्या शब्दाखाली जगातले बहुतेक फोटो वाइनच्या बागांचे आहेत. आपली खायची द्राक्षं त्याला माहीत असणार कशी? शब्द नको, वर्णन दे. सपाट जमीन, काळी माती, बोद (वेलींच्या रांगेखालचा मातीचा उंचवटा), डोक्याच्या वर तारांची जाळी, त्यावर पानांचं छत, घड खाली लोंबतायत, माणूस खालून ताठ चालतोय. इंग्रजीत या मांडवाला 'पर्गोला' म्हणतात, तो शब्द घाल. तुमच्या वेली वाय (Y) आकाराच्या आधारावर असतील तर तसं लिही. टोपली नको, प्लॅस्टिकचे क्रेट.

रीळवाला
बरोबर. आणि बाई बदलते कारण प्रत्येक शॉट कोऱ्या पाटीवर सुरू होतो, मागच्या शॉटात काय दिसलं ते टूलला माहीत नसतं. व्हिओ ३ एका वेळी ८ सेकंदच देतो, म्हणजे तुझे तेरा-चौदा तुकडे झाले. तिघा असिस्टंटना एकच पान दे: साडीचा रंग, पदर कसा खोचलाय, वय, उजेड कुठला. ते पान शब्दही न बदलता प्रत्येक प्रॉम्प्टला जोड. त्याहून चांगलं म्हणजे आधी स्थिर चित्र पक्कं कर आणि तीच पहिली फ्रेम देऊन व्हिडिओ करून घे. पाटीचा नाद सोड. अशी मॉडेल अक्षर चित्रासारखं काढतात, जोडाक्षरं तिथेच मोडतात. कोरी पाटी मागव आणि मुक्ता फॉण्टमधलं अक्षर एडिटिंगला वरून बसव.

गोदाकाठ
ड्रोन शॉट टाका एखादा, मांडव वरून हिरवागार दिसतो. माझ्याकडे आहे, भाड्याने देतो.

कादवाकाठ
पिंपळगाव ओझरच्या विमानतळापासून लांब नाही. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा बघा, रेड झोन निघाला तर परवानगीशिवाय उडवता येत नाही.
मांडवाखाली, मला दुसरंच खटकतंय. खरेदीदारासमोर एआयने काढलेला घड ठेवणार? तो मण्याचा आकार आणि रंग बघून भाव बोलतो. जो मणी तुमच्या वेलीला लागलाच नाही तो दाखवणं मला पटत नाही.

रीळवाला
जाहिरातीत सगळेच सजवतात. खाली 'एआयच्या मदतीने' लिहिलं की झालं. वास्तव वाटणाऱ्या बनावट दृश्याबद्दल यूट्यूबसुद्धा मार्च २०२४ पासून तसं सांगायला लावतं.

कादवाकाठ
पट्टी लिहिल्याने घड खरा होत नाही. उद्या कंटेनर भरताना तोच माणूस समोर उभा असतो. आणि ती बाई तरी बनवायची कशाला? तोडणीला पेठ-सुरगाण्याच्या बायका येतात. देठ कात्रीने कापून, मण्याला बोट न लावता घड देठाला धरून क्रेटमध्ये ठेवतात, नाहीतर वरची पांढरी पावडर जाते. ते हात असिस्टंटला माहीत नाहीत. मागच्या हंगामाचं तुमच्याकडे काहीच नाही?

मांडवाखाली
वडिलांच्या फोनमध्ये आहे, पण ते फॅमिली ग्रुपवर टाकलेलं, फुटतं म्हणून मी धरलंच नव्हतं.

रीळवाला
ग्रुपवरचं नको, त्यांच्या गॅलरीतली मूळ फाइल घे. केबलने.

त्र्यंबककर
विषयाला सोडून आहे, पण राहवत नाही. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. पहिल्या चित्रपटाला भांडवल मिळेना तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली. पैसे त्यावर उभे राहिले. तुम्हीही ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या एका डोळ्यासमोर (जिथून कोंब फुटतो तिथे) फोन बांधा, रोज त्याच वेळी एक फोटो. पुढच्या वर्षी असिस्टंटची गरज पडणार नाही.

सिडकोकर
मी पहिल्यापासून हेच सांगतोय, फोनवर काढा.

मांडवाखाली
रविवारची खबर. वडिलांच्या फोनमध्ये ६३ मूळ क्लिप निघाल्या, फेब्रुवारीतल्या. एकीत एक मावशी घड उजेडाकडे धरून खराब मणी कात्रीच्या टोकाने काढतेय, अकरा सेकंद, कॅमेऱ्याकडे पाहतही नाही. व्हिडिओ आता तिच्यापासून सुरू होतो. तिला निरोप पाठवून परवानगी मागितली, हो म्हणाली. पानांचा मांडव आज सकाळी पाऊस थांबल्यावर मीच शूट केला. घड सगळे आपले.
एआय एकाच ठिकाणी ठेवलाय: आजोबांनी बाजरीचं रान मोडून पहिली बाग लावली तो भाग, कारण तेव्हाचा एकही फोटो नाही. तो मुद्दाम रेखाचित्रासारखा ठेवलाय, म्हणजे कुणाला खरा वाटायला नको. वडिलांनी बघितला आणि लगेच म्हणाले, "डांब उभे राहायच्या आधी तार कुठून आली?" खरंच, चित्रात तारा हवेतच ताणलेल्या होत्या. दगडी डांब, मग तारा, मग वेल असा क्रम त्या पानात लिहिला आणि दुसऱ्या खेपेला बरोबर आलं.
आता शेवटचं. फोनच्या क्लिप सेकंदाला ३० फ्रेमच्या, एआयच्या २४ च्या. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्ह सॉफ्टवेअरमध्ये करतोय, त्यात टाइमलाइन कितीची ठेवू?

रीळवाला
बहुतेक क्लिप फोनच्या आहेत, ३० ठेव. पण पहिली क्लिप टाकायच्या आधी ठरव, नंतर त्याच टाइमलाइनचा आकडा बदलता येत नाही. फोनचा फ्रेमरेट चालता चालता कमीजास्त होतो, त्यामुळे क्लिप आधी हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटच्या करून घे, नाहीतर मावशीच्या कात्रीचा आवाज मागेपुढे पडेल.